ब्याऐंशी सालचं द्राक्षासव

बाटली सिंकशेजारच्या रॅकवर उलटी करून ठेवली होती. कुकरचं झाकण, दोन वाट्या, गाळणं आणि त्यांच्यामधे ती. स्वच्छ धुतलेली, मानेतून अजून एखादा थेंब गळत असलेली. लेबल भिजवून निम्मं सोलून काढलं होतं. उरलेल्या निम्म्यावर एका फ्रेंच गढीचं चित्र आणि खाली आकडा होता: १९८२.

मंजिरी नुकतीच हॉस्पिटलमधून आली होती. खांद्यावरची बॅग खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"आलीस? बरं झालं. चहा टाकते," सुलक्षणाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, देवघराकडून येत म्हणाल्या. त्या केव्हाच नेसून तयार होत्या. आज पाच वाजता कीर्तन, आणि कीर्तनकार बुवा कालपासून घरीच उतरलेले. साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळानं चर्चचा हॉल घेतला होता आणि त्यांचा मुलगा राजीव सकाळपासून तिकडेच खुर्च्या मांडत होता.

"आई, ही बाटली..."

"किती सुबक आहे, नाही? काच बघ केवढी जाड! तेलाला ठेवीन म्हणते. त्या मेल्या कागदानं मात्र नखं दुखवली माझी."

"आणि... आत होतं ते?"

"तुझं द्राक्षासव? ते बुवांना दिलं."

मंजिरीनं बॅग खाली टेकवली. ती स्टुलावर बसली.

"अगं, घसा पार बसलाय त्यांचा. स्लाऊला कीर्तन, हॅरोला कीर्तन, आणि ही इथली थंडी. सकाळी बोलतायत तर नुसती हवा येतेय बाहेर. म्हटलं, घरात एवढं उंची औषध पडलंय, ते कधी उपयोगी पडायचं? बूच काही केल्या निघेना. शेवटी लाटण्याच्या मुठीनं आत ढकललं. खाली हा गाळ साठलेला! मग श्रीखंडाच्या फडक्यातून गाळून घेतलं, कोमट केलं. उकळलं नाही हो, आसवं उकळत नाहीत एवढं कळतं मला. आल्याचा रस, मध, दोन लवंगा. देवापुढे ठेवलं, तुळशीचं पान घातलं आणि दिलं फुलपात्र भरून बुवांच्या हातात."

"त्यांनी विचारलं नाही, काय आहे म्हणून?"

"काढा आहे म्हटलं. महागडं परदेशी औषध म्हटलं असतं तर संकोचले असते गं."

"प्यायले?"

"अर्धं प्यायले. मग असे थांबले जरा. डोळ्यांत पाणी आलं. आल्यानं येतं तसं. म्हणाले, 'बाई, जरा पाय मोकळे करून येतो, तसाच हॉलवर जाईन.' म्हटलं, हात हलवत नका जाऊ. उरलेलं सगळं थर्मासात भरून दिलं, मधे मधे घोट घ्यायला."

"सगळं?"

"सगळं. बाटली आपटून आपटून काढलं. अशी काय बघतेस? तुला हवं होतं का?"

मंजिरीनं नाही म्हणून मान हलवली.   ती भूल देणारी डॉक्टर. दुसऱ्याचा श्वास सांभाळायचा, समोर काहीही झालं तरी आवाज चढू द्यायचा नाही, हे तिचं रोजचं काम. आणि आता स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून तिला स्वतःचा श्वास सापडेना.

*

आता हे द्राक्षासव घरात आलं कसं, ते सांगायला हवं.

मंजिरीला कन्सल्टंटची जागा मिळाली तेव्हा तिचे जुने वरिष्ठ, डॉक्टर हार्डिंग, रिटायर होत होते. त्यांनी आपल्या तळघरातली एक बाटली तिच्या हातात दिली. बोर्दोची तांबडी वाइन. म्हातारा बोलायला लागला की थांबायचा नाही. यात तीन प्रकारची द्राक्षं आहेत, म्हणाला. कॅबर्ने सोव्हिन्यों एकटं असलं की फार करडं, जीभ धरून ठेवतं. मर्लो एकटं असलं की फार मवाळ. कॅबर्ने फ्राँ थोडंसंच, मधे सुवासापुरतं. तिघांना एकत्र कोंडून ठेवायचं आणि वर्षानुवर्षं हात लावायचा नाही. मग ती एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात. मंजिरीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा राजीव हसून म्हणाला, "म्हणजे सासू, सून आणि मधे बिचारा मुलगा."

हार्डिंगनी आणखी एक सांगितलं होतं. रंग आणि तुरटपणा येतो द्राक्षाच्या सालीतून, आणि बाकी सगळं त्या सालाच्या उन्हापावसातून. ब्याऐंशीला बोर्दोत तसं ऊन पडलं होतं. "आपल्याकडे दोन्हीला साल," मंजिरी राजीवला म्हणाली होती. दोघांनी ती बाटली जिन्याखालच्या थंड कपाटात आडवी ठेवली. दोघंही फारशी पिणारी नव्हती. पण एखाद्या मोठ्या दिवशी उघडू, असं ठरलं होतं.

मग सप्टेंबरात सासूबाई पुण्याहून आल्या. आल्या त्याच दिवशी जिन्याखालचं कपाट आवरायला घेतलं आणि बाटली हातात धरून बाहेर आल्या. "मंजिरी, ही कसली गं आडवी बाटली?"

सुलक्षणाबाई म्हणजे एकादशी, हरिपाठ आणि जिथे असेल तिथे जाऊन ऐकलेली कीर्तनं. ज्या घरात दारू शिरते तिथून देव उठून जातो, असं मानणाऱ्या. खरं सांगायला काही हरकत नव्हती. मंजिरी चाळिशीला आलेली बाई, दिवसाला चार-पाच जणांना झोपवून पुन्हा जागं करणारी. पण सासूच्या हातात ती बाटली बघून तिच्या तोंडून निघालं, "द्राक्षासव आहे, आई."

"फ्रान्सचं?"

"हो. फ्रान्सचं."

"बघ बाई. आयुर्वेद कुठवर पोचला!" मग चष्मा लावून त्यांनी लेबल वाचलं. "अगं पण हे ब्याऐंशीचं! तारीख उलटून गेली की."

आणि मंजिरीनं दुसरं खोटं सांगितलं, जे खरं तर खोटं नव्हतं. "आसव जितकं जुनं तितकं गुणकारी ना, आई?"

"हे मात्र खरं. आमचे वैद्य हेच म्हणायचे," सासूबाई समाधानानं म्हणाल्या आणि बाटली उभी ठेवली. "औषध आडवं ठेवतात का कुठे? गळेल."

त्या दिवसापासून मंजिरी बाटली आडवी करायची, सासूबाई उभी करायच्या. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं. राजीवला याची फार गंमत वाटायची.

गंमत काल संध्याकाळपर्यंत होती.

काल पुरुषोत्तमबुवा आले. साठीचे, उंच, काटक, नाशिककडचे. गुडघ्याखाली येणारा रेनकोट, त्याखाली धोतर आणि पायात दाट लोकरीचे मोजे. घसा बघून मंजिरीनं कपाटातलं खोकल्याचं औषध काढलं, तेव्हा सासूबाई सांजवात लावायला गेल्या होत्या. बुवांनी बाटली हातात घेतली नाही. हात पाठीमागे बांधले आणि विचारलं, "यात अल्कोहोल आहे का, डॉक्टर?"

"थोडं असतं."

"मग नको. एक थेंबही नको." आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "तुम्ही डॉक्टर म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका. मी दारुडा आहे. होतो म्हणत नाही, आहे. मागच्या खेपेला असल्याच औषधाच्या दोन चमच्यांपासून सुरू झालं. महिन्याभरात भर कीर्तनात कोसळलो. लोकांनी गळ्यातलं उपरणं काढून घेतलं आणि देवळाबाहेर आणून बसवलं. माझी मुलगी तिथे होती. तिनं बोलणंच टाकलं. आता कुठे, दोन वर्षं झाली, बाबा म्हणून हाक मारते." हसले. "पहिला थेंब माणूस पितो, डॉक्टर. पुढचं माणूस पीत नाही."

मंजिरीनं शब्द दिला. मनात म्हटलं, आपल्या सासूबाईंच्या घरात काय भीती आहे? इथे तर थेंबही नाही.

ती बाटली तिला आठवलीच नाही. इतक्या वेळा द्राक्षासव म्हटलं होतं की तिच्याही लेखी ते औषधच झालं होतं.

*

"मी बुवांना बघून येते," ती उठली.

"आत्ता? अगं, चहा..."

"त्यांना रस्ता सापडायचा नाही, आई."

"रस्ता काय सापडायचाय? कॉमन ओलांडलं की हॉल. राजूनं काल दाखवलाय." सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मंजिरी, काय झालंय?"

सांगावं तर बुवांचं गुपित तिचं नव्हतं. स्वतःचं होतं, ते सांगायला जीभ उचलेना. ती तशीच बाहेर पडली.

गाडीतून तिनं राजीवला फोन लावला. "बुवा आलेत तिकडे?"

"नाही अजून. ऐक ना, पेटी ठेवायला एक लहान टेबल..."

"राजीव, ते आले की त्यांना एकटं सोडू नकोस. धरून ठेव."

"धरून? बुवांना? मंजू, व्हॉट इज गोइंग ऑन?"

"नंतर सांगते."

नोव्हेंबरचा उजेड चार वाजायच्या आतच विझायला लागला होता. कॉमन म्हणजे शहराच्या मधोमध सोडलेलं मोठं रान. झाडं, पायवाटा, मधे तळी. एका कडेनं तिनं गाडी हळू हळू नेली. कुत्री फिरवणारी माणसं होती, पळणारी पोरं होती. धोतर कुठे दिसेना. रस्त्याच्या वळणावर एक पब होता. आत पिवळा उजेड, शनिवारची मॅच.  गाडी कशीतरी लावून ती आत शिरली आणि बारमागच्या पोराला विचारलं, एक उंच इंडियन गृहस्थ, पांढरा रेनकोट, खाली पांढरं... पांढरं कापड गुंडाळलेलं...

"फॅन्सी ड्रेस पार्टी आहे का, लव्ह?" तो म्हणाला. "नाही, असा कुणी आला नाही. आला असता तर लक्षात राहिला असता."

टेबलाटेबलांवर ग्लास होते. तिनं प्रत्येक ग्लासामागचा चेहरा पाहिला. बाहेर आली तेव्हा पलीकडच्या दुकानाच्या खिडकीत बाटल्या रांगेनं लावलेल्या दिसल्या. इतकी वर्षं या रस्त्यानं जातोय, आणि इथे एवढी दुकानं आहेत हे आपल्या कधी ध्यानातच आलं नव्हतं! पावलापावलाला एक. बुवांना ती सगळी दिसत असणार. देवा, तिनं मनातल्या मनात म्हटलं, माझं तोंड काळं कर, पण त्या माणसाला सांभाळ.

गाडी तिथेच सोडून ती झाडांत शिरली.

बुवा तळ्याकाठच्या बाकावर होते. पाठमोरे, ताठ. शेजारी थर्मास. त्याचं झाकण काढून पेला केलेला आणि तो काठोकाठ भरलेला. वाफ निघून गेली होती. संध्याकाळच्या उजेडात त्या पेल्यातला रंग काळा दिसत होता.

 किती गेलं असेल पोटात?

"या डॉक्टर," ते मागे न बघता म्हणाले. आवाज घोगरा, पण सरळ होता. "बसा. पेल्याला धक्का लावू नका."

ती बाकाच्या टोकाला बसली. मधे पेला.

"किती प्यायलात, बुवा?"

"घरी घेतलं तेवढंच. नाक चोंदलेलं, वर आलं आणि मध. वास कळलाच नाही. छातीतून खाली गेलं तेव्हा कळलं. ती ऊब मी सात जन्मांत विसरायचो नाही." ते पेल्याकडे बघतच होते. "ही काय आहे?"

"वाइन. फ्रान्सची. मी आईंना द्राक्षासव म्हणून खोटं सांगितलं होतं. त्यांना काही माहीत नाही. चूक माझी आहे."

"जुनी आहे."

"ब्याऐंशी सालची."

बुवा हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "आमच्याकडे मळेच मळे आहेत द्राक्षाचे. तोडली की त्याच दिवशी ट्रकमधे. एवढी वाट कुणी बघत नाही. ही बया चोवीस वर्षं बसून राहिली, आणि गाठ घालून दिली तुमच्या सासूबाईंनी. तेही आलं घालून."

"मी ओतून टाकते," मंजिरीनं हात पुढे केला.

"थांबा!"

त्यांचा हात पेल्याभोवती असा झपकन पडला की ती दचकून मागे सरली. बुवांचा चेहरा एकदम दुसऱ्याच कुणाचा झाला होता. ओठ घट्ट, डोळे बारीक. कालपासून ज्या माणसाला ती ओळखत होती तो त्या चेहऱ्यात नव्हता. आजूबाजूला कुणी नाही, अंधार पडत चाललाय, हे तिला तेव्हा जाणवलं.

"टाकता येत नाही," ते म्हणाले. "प्रसाद आहे. बाईंनी देवापुढे ठेवलाय, तुळस घातलीय. प्रसाद पायाखाली ओतत नाहीत. त्याचा अपमान व्हायचा."

"बुवा..."

"ऐकलंत? ऐकलंत कसं बोलतो तो?" त्यांचा आवाज फाटला. "मी झाकण उघडलं ते ओतण्यासाठीच. पेला भरला. आणि तेवढ्यात आतून म्हणाला, प्रसाद आहे, बुवा. आयुष्यभर लोकांना प्रसादाचा महिमा सांगितलास आणि आता मातीत टाकतोस? मघापासून हेच चाललंय. मला कळेना झालंय, डॉक्टर, की हे मी बोलतोय का तो. दारूच्या नावानं मला कुणी फसवू शकत नाही. पण हा देवाच्या नावानं आलाय." त्यांनी पेला आणखी घट्ट धरला. "मला एकट्याला सोडून जाऊ नका. आणि हा पेला माझ्या हातून ओढूही नका. ओढलात तर मी पिईन."

 ऑपरेशनच्या टेबलावर कुणाचा श्वास अडला तर काय करायचं ते मंजिरीला झोपेतही सांगता आलं असतं. इथे तिच्यापाशी कुठलं औषध होतं? वाइनमधली द्राक्षं तिला माहीत होती, साल माहीत होतं, रक्तात ती किती वेळ राहते तेही माहीत होतं. पण प्रसाद झाला की झाला. ते तिला परत घेता येत नव्हतं. ते ज्यानं केलं त्यालाच...

तिनं खिशातून फोन काढला. बोटं बटणांवरून दोनदा घसरली.

"आई, मी मंजिरी. बुवा सापडलेत. माझ्याशेजारी आहेत. मी स्पीकरवर टाकतेय."

"अगोबाई, बरे आहेत ना? घसा कसा आहे?"

"आई, ते द्राक्षासव नव्हतं." तिला वाटलं आता आपल्याला रडू येईल, पण रडू आलं नाही, आवाज नुसता कोरडा पडला. "ती वाइन होती. दारू. तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाबरून खोटं सांगितलं."

 पलीकडे किटलीची शिट्टी वाजायला लागली आणि ती कुणी बंद केली नाही.

"म्हणजे दोन महिने मला वेड्यात काढलंत तुम्ही दोघांनी."

"हो, आई."

"आणि मी ती फडक्यानं पुसून उभी करत होते. औषध म्हणून."

"हो."

"माझ्या हातानं मी बुवांना..." शिट्टी चालूच होती. "अगं, मग देवापुढेही ठेवली मी ती!"

"म्हणूनच फोन केलाय. थर्मास अजून भरलेला आहे. बुवा म्हणतात, तुळस घातली म्हणजे प्रसाद झाला. टाकता येत नाही. आई, ते तुम्ही ठेवलं होतं. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

शिट्टी थांबली. सुलक्षणाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. बुवांना का टाकता येत नाही, तू एवढी का घाबरलीस, काहीच नाही. चाळीस वर्षं कीर्तनात पहिल्या रांगेत बसलेली ती बाई. माणसाचा आवाज कुठे अडलाय ते तिला ऐकू येत असावं, तो बोलत नसला तरी.

"बुवा," त्या म्हणाल्या, "नमस्कार करते. पान मी वाहिलं होतं. अजाणता वाहिलं, ते माझं आणि देवाचं आम्ही बघून घेऊ. पण वाहिलेलं पान उतरवायचा हक्कही माझाच ना? मग मी उतरवते. आता तो प्रसाद नाही, निर्माल्य आहे. निर्माल्य घरात ठेवत नाहीत, अंगावर ठेवत नाहीत आणि पोटात तर नाहीच नाही. जवळ पाणी आहे का?"

"तळं आहे," मंजिरी म्हणाली.

"मग सोडा पाण्यात. बुवा, मी सांगते म्हणून सोडा."

बुवांनी डोळे मिटले. पेला धरलेला हात तसाच होता, बोटांची नखं पांढरी पडलेली. "बाई, हात सुटत नाही हो," ते अगदी लहान आवाजात म्हणाले.

"मंजिरी, धर त्यांचा हात. उठव त्यांना."

मंजिरीनं त्यांच्या हातावर दोन्ही हात ठेवले. हात बर्फासारखा गार होता. दोघं मिळून उठली, पेल्यासकट काठापर्यंत गेली. पावलं घसरत होती, चिखल होता. एकदा पेला बुवांच्या तोंडाच्या दिशेनं वर आला. आला असं तिला वाटलं, किंवा खरंच आला. तिनं अंगातलं सगळं बळ लावून तो खाली दाबला. बुवा विसर्जनाचा मंत्र पुटपुटायला लागले. सवयीनं शेवटच्या शब्दांपर्यंत आले, 'पुनरागमनाय च', आणि तिथे अडकले. पुन्हा येण्यासाठी? त्यांनी ते शब्द गिळून टाकले. पेला पाण्यात उलटला.

मग थर्मास. तो मंजिरीनं रिकामा केला. गडद धार पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. आल्याचा, लवंगेचा आणि कसला तरी जुन्या ओल्या लाकडाचा वास क्षणभर वर आला. बुवांनी तोंड फिरवलं आणि उपरणं नाकावर धरलं. दोन बदकं पोहत पोहत बघायला आली.

"त्यांना काही व्हायचं नाही ना?" बुवांनी विचारलं.

"एवढ्या पाण्यात नाही होणार."

"माझ्यातही पाणी पुष्कळ असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले, आणि गवतावर मटकन बसले.

फोन अजून चालूच होता. "झालं?" आतून आवाज आला. "मग मला न्यायला या. पाच वाजत आले."

*

गाडीत सुलक्षणाबाई मागे बसल्या. मंजिरीशी एक शब्द बोलल्या नाहीत. बुवांच्या हातात त्यांनी दुसरा थर्मास दिला. "नुसतं गरम पाणी आहे, बुवा." मग पुढच्या सीटकडे बघून, "हवं तर तुमच्या डॉक्टरणीला आधी चाखून बघू दे. ती सांगेल त्याचं नाव काय ते."

मंजिरीनं सिग्नलवर थर्मास उघडून एक घोट घेतला. "पाणी आहे," ती म्हणाली. 

हॉलवर राजीव दारात उभा होता. तिनं दोन वाक्यांत सांगितलं, तेवढंच सांगण्यासारखं होतं. "ती ब्याऐंशीची?" तो कुजबुजला. "आलं घालून?" मग तिचा चेहरा बघून त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बुवा पगडी चढवताना तिला म्हणाले, "डॉक्टर, रात्री राजीवरावांना माझ्या खोलीत झोपायला सांगा. आणि घरी गेलं की नाशिकला एक फोन लावून द्या. तिथे माझ्यासारखाच एकजण आहे, त्याला उठवायचंय. आणि आत्ता..." त्यांनी पिशवीतून झांजा काढल्या. "आत्ता माझ्या मागे उभ्या राहा. नेहमीचा साथीदार भारतात आहे."

"मला ताल येत नाही, बुवा."

"ताल नकोय. मागे कुणीतरी उभं पाहिजे. मी वळून पळायला लागलो तर धडकायला."

कुणाला वाटेल, आता सगळं निभावलं. मंजिरीला तसं वाटत नव्हतं. पोटात गेलेलं अर्धं फुलपात्र कुठल्या तळ्यात सोडणार होती ती?

साठ-सत्तर माणसं होती. कोट घातलेली, पोरांना बिस्किटं देऊन बसवलेली. बुवांनी नमन केलं, घोगऱ्या आवाजातच अभंग घेतला, आणि तो खरखरीत आवाजही हळू हळू तापला, भरला. लोक डोलायला लागले. बुवा एक पाऊल पुढे, एक मागे नाचत निरूपण करत होते, आणि मंजिरी त्यांच्या पाठीकडे बघत होती. त्या पाठीवर सदरा घामानं चिकटत चालला होता. हॉलमधे एवढी थंडी होती की पेटीवाल्यानं मफलर काढला नव्हता.

आणि मधेच, एका ओळीच्या मध्यावर, बुवा थांबले.

तबला दोन आवर्तनं एकटाच चालला आणि मंदावला. लोकांना वाटलं, ओळ विसरले. बुवा समोर बघत होते. कुणीतरी उशिरा आलेलं हॉलचं दार उघडं टाकून गेलं होतं. दारातून रस्ता दिसत होता, आणि रस्त्यापलीकडे उजळलेली एक खिडकी. तिच्यात रांगेनं काय लावलंय ते मंजिरीला इथूनही कळलं. बुवांचं एक पाऊल पुढे पडलं होतं. नाचण्याचं नव्हतं ते.

ओरडावं का? धरावं का त्यांना, एवढ्या लोकांत? गळ्यातलं उपरणं, देवळाची पायरी, त्यांची मुलगी, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं.  तिच्या हातातल्या झांजा आपोआप एकमेकींवर आपटल्या. बेताल, मोठ्यानं, थाळी पडल्यासारख्या.

बुवा दचकले. वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मग त्यांनी ओळ उचलली. मध्यापासून नाही, पहिल्यापासून.

तबला धावत आला, पेटी आली. झांज मात्र मागे पडली, चुकली, पुन्हा चुकली. पहिल्या रांगेत सुलक्षणाबाई बसल्या होत्या. घरातून निघाल्यापासून त्यांनी सुनेकडे पाहिलं नव्हतं. आता त्यांच्या कपाळावर आठी आली. उजवा हात पदरातून बाहेर निघाला आणि मांडीवर ताल द्यायला लागला. ठाशीव, सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसा. नजर थेट मंजिरीवर. आत्ता. आत्ता. आणि आत्ता.

दार अजून उघडंच होतं. कुणी जाऊन लावेल तर बरं, असं मंजिरीला वाटत होतं, पण तिला हलता येत नव्हतं. बुवांची पाठ समोर थरथरत होती, आणि गात होती. ती सासूबाईंच्या हाताकडे बघत राहिली आणि तो मांडीवर पडला की झांज वाजवत राहिली.